पान पाहून पाणी

सुधाकररावांच्या घरी सुट्टी लागायच्या आधी निळी फाइल उघडायची. नागपुरातल्या एका बँकेत सव्वीस वर्षं आकड्यांशी संसार केलेला हा माणूस सहलीलाही ताळेबंदासारखाच भिडायचा. ठिकाण, किलोमीटर, पोचायची वेळ, थांबायची मिनिटं आणि शेवटच्या रकान्यात एक रिकामी चौकट. ठिकाण पाहून झालं की चौकटीत बरोबरची खूण. सगळ्या चौकटी भरल्या की सहल सुफळ संपूर्ण.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीसाठी फाइलीवर नाव पडलं इटियाडोहचं. आईचं माहेर तिकडचं. गोठणगावच्या अलीकडे एका लहानशा गावात तिचा धाकटा भाऊ राहायचा. उभं आयुष्य इटियाडोहच्या कालव्यावर पाटकरी म्हणून काढून आता घरची चार एकर धानाची शेती बघत होता.

सुधाकरराव हुकूमशहा नव्हते, हे आधीच सांगायला हवं. फाइल पक्की करण्याआधी त्यांनी जेवताना सगळ्यांना रीतसर विचारलं होतं, "बोला, कोणाला काय हवंय?"

बायको अलकाताई शाळेत शिकवायच्या. सहामाहीचे पेपर नुकतेच तपासून झाले होते. म्हणाल्या, "शांत बसायला मिळालं तर पुष्कळ."

मुलगा चिन्मय नववीत. त्याने ताटातून मान वर न करता सांगितलं, "वाघ."

आई म्हणाली, "माझं काय रे! देवदर्शन झालं म्हणजे झालं."

सुधाकररावांनी तिन्ही उत्तरं लिहून घेतली आणि तिन्हींची सोय केली. शांततेसाठी नवेगावबांधचा तलाव, वाघासाठी सफारी, देवासाठी प्रतापगड. मग उरलेल्या वेळात बाकीचं बसवलं. फाइलीचं पान असं दिसत होतं: नवेगावबांध, कोलू पाटील कोहळींनी बांधलेला तलाव, सात टेकड्यांच्या मध्ये, ४० मिनिटं. राष्ट्रीय उद्यान, स्थापना १९७५, आता नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात, सफारी ३ तास. प्रतापगड, शिवमंदिर आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा, ५० मिनिटं. तिबेटी वसाहत, नॉर्ग्येलिंग, १९७२ पासून, ३० मिनिटं. इटियाडोह धरण, गाढवी नदीवर, मातीचं, १९७० चं, उंची सुमारे ३० मीटर, लांबी अर्धा किलोमीटर, सूर्यास्त, २५ मिनिटं. हा झाला पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी परसवाड्याचे सारस आणि सालेकशाकडचा हाजरा फॉल.

मामाजींनी फोनवर ती यादी ऐकून घेतली. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबू, हाजरा फॉल तं जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाले आहे. अन् डिसेंबरात त्याले पानी किती राहील? बरं, या तं खरं. मामी वाट पाहून राहिली."

पहाटे पाचला नागपूर सुटलं. भंडारा, साकोली, मग कोहमाऱ्याला मोठा रस्ता सोडून गाडी दक्षिणेला वळली. दोन्ही बाजूंना कापून मोकळ्या झालेल्या धानाच्या बांध्या, मधे मधे रचलेले पुंजणे, धुऱ्यावर तुरीची रांग. आई खिडकीशी बसली होती. "हे बघ, हे बघ," ती म्हणत होती, पण गाडी वेळेच्या अकरा मिनिटं मागे होती आणि सुधाकररावांचं लक्ष घड्याळात होतं.

तलावावर धुकं होतं. हिवाळी बदकांचे काळे ठिपके पाण्यावर दिसत होते, नीट दिसत नव्हते. अलकाताई काठावरच्या दगडावर टेकल्या, पिशवीतून मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' काढलं. या परिसरात वनाधिकारी म्हणून चितमपल्लींनी काही वर्षं काढली होती, म्हणून मुद्दाम आणलेलं. दोन पानं होतात न होतात तोच मागून आवाज आला, "चला, चाळीस मिनिटं झाली. सफारीचं फाटक थांबत नाही कोणासाठी."

सफारीत वाघ दिसला नाही. चितळ दिसले, एक रानगवा दिसला, आणि दुसऱ्या तासाला चिन्मय आजीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. प्रतापगडावर आईने निम्म्या पायऱ्या चढून गुडघे धरले. "तुम्ही या जाऊन, माझा नमस्कार सांगा महादेवाला." सुधाकरराव धावत वर गेले, घंटा वाजवली, दर्ग्यापुढेही माथा टेकला, धावत खाली आले. चौकटीत खूण.

तिबेटी वसाहतीत पोचले तेव्हा रांगेने घरांना कुलपं. रंगीत पताका वाऱ्यावर फडफडत होत्या आणि माणूस दिसत नव्हतं. शेवटी एका ओसरीवर जपमाळ ओढणारी म्हातारी भेटली. मोडक्या हिंदीत तिने सांगितलं की थंडीचे दिवस आहेत, बरीच मंडळी शहरांत स्वेटर विकायला गेली आहेत, आता लोसारच्या सुमाराला परततील. आईने अंगावरच्या शालीचा पदर चाचपला. नागपुरातल्या तिबेटी बाजारातून गेल्याच महिन्यात ती घेतली होती, त्या विक्रेतीशी तासभर गप्पा मारून. मेंढ्या कुठल्या, मुलं किती, तिकडे बर्फ कसा, सगळं विचारून झालं होतं. इकडे तिच्या मुलाने मात्र बंद दारांचे तीन फोटो काढले आणि चौकटीत खूण केली.

धरणावर पोचेपर्यंत सूर्य बुडून पाऊण तास झाला होता. समोर काळोख, खाली कुठेतरी पाण्याचा आवाज. सुधाकररावांनी मोबाइलचा दिवा लावला. धरणावर नव्हे, फाइलीवर. चौकटीत खूण केली. चिन्मय गाडीमागे जाऊन ओकला.

रात्री मामीजींनी केलेलं वडाभाताचं जेवण कोणालाच धड गेलं नाही.

सकाळी अलकाताईंनी युद्ध पुकारलं. "आज फाइल नाही. आज काही म्हणजे काही ठरवायचं नाही. जसं सुचेल तसं."

सुधाकररावांनी फाइल बॅगेच्या तळाशी घातली आणि दुखावलेल्या माणसाच्या शांतपणे म्हणाले, "ठीक. सुचवा."

आणि काही सुचलं नाही. अलकाताई म्हणाल्या, आईंना कुठे जायचं ते आधी ठरवा. आई म्हणाली, पोराला बरं वाटेल ते करा. चिन्मय म्हणाला, कुठेही चला. नऊला चहा, दहाला पुन्हा चहा, अकराला "तुम्हीच सांगा की", बाराला "मला सगळं चालतं". अलकाताई शांत बसायचं म्हणून अंगणात खाट टाकून बसल्या, पण अर्ध्या तासात तीनदा उठल्या. मामीजी एकट्याच चुलीपाशी आहेत हे त्यांना बघवेना आणि उठून भाजी चिरायला बसलं की चीड यायची, की इथेही भाजीच. दुपारी सगळे गाडीत बसले, अर्जुनीपर्यंत गेले, दुकानांपुढून एक फेरी मारली आणि परत आले. पहिला दिवस धावण्यात गेला होता, दुसरा एकमेकांच्या तोंडाकडे बघण्यात. दमणूक मात्र दोन्ही दिवशी सारखीच झाली होती.

ऊन उतरल्यावर मामाजींनी सुधाकररावांना हाक मारली. "चाल बाबू, वावराकडं जाऊन येऊ."

दोघे पाटाच्या काठाने निघाले. लहान पाट, गुडघाभर खोल, आता कोरडा. मामाजी अनवाणीच चालत होते. एका बांधीपाशी थांबले. धान कापून झालेलं, वीतभर धसकटं उभी, आणि त्या धसकटांच्या मधून बारीक, कोवळं, हिरवं काहीतरी दाट उगवून आलेलं.

"हे काय आहे, ओळखतोस?"

"गवत?"

"लाखोरी. धान उभं असतानाच चिखलात बी फेकतो आमी. धान कापलं का हे वर येते. मंग याले काही लागत नाई. ना नांगर, ना पानी. मातीत जी ओल राहिली तेवढ्यावर पीक निघते." ते वाकले, एक रोप बोटांत धरलं. "अन् त्या तिकडच्या बांधीत उन्हाळी धान लागल. त्याले पायाशी पानी उभं लागते. चार दिस पानी तुटलं का भेगा पडल्या समज."

सुधाकरराव गप्प होते. दोन दिवसांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. "मामाजी, मी स्वतःच्या हौसेसाठी करतो का हे? पेट्रोल माझं, सुट्ट्या माझ्या, महिनाभर रात्री बसून आखलं. प्रत्येकाला विचारलं होतं. ज्याने जे मागितलं ते दिलं. तरी सगळ्यांची तोंडं अशी!"

मामाजी धुऱ्यावर टेकले. कमरेची तंबाखूची डबी काढली, उघडली नाही, नुसती हातात फिरवत राहिले.

"मी नवा नवा लागलो होतो कालव्यावर. या धरनाचं पानी कुठवर जाते मालूम आहे का तुले? आपल्या अर्जुनीपासून तं लाखांदूर, वडसा, आरमोरीपर्यंत. माह्या वाट्याले हा एवढासा पाट. पन मले वाटे, आपल्या हातात न्याय आहे. कोनी म्हनू नाई पाटकऱ्यानं पक्षपात केला. उन्हाळी धानाची पाळी सुटली तशी मी घड्याळ घेऊन बसलो. हरेकाच्या बांधीले सारखे तास. एक मिनिट कमी नाई, एक जास्त नाई."

"बरोबरच केलंत."

"थांब. इथं एका म्हातारीची बांधी होती. तिची लाखोरी फुलावर आली होती, निळी निळी फुलं. ते तीन दिस लेकीकडं गेली होती. मी पाळीप्रमानं तिच्याही बांधीत पानी सोडलं. परत येऊन पाहाते तं तीन दिसांचं पानी उभं. सारी लाखोरी पिवळी, मुळं सडून गेली. मले वाटलं, शिव्या देईल. ते बोललीच नाई जास्त. एवढंच म्हनाली, 'पोरा, मी पानी मांगितलं होतं का?'"

डबी आता थांबली होती.

"मंग मी काय केलं, सांग."

"पुढच्या पाळीला विचारलं असेल प्रत्येकाला."

"विचारलं! घरोघरी जाऊन विचारलं. अन् सारेच म्हने, पानी पाहिजे. ज्याच्या बांधीत लाखोरी तोही म्हने, पाहिजे. शेजाऱ्याले देता अन् मले नाई का? मानूस आपल्या पिकाले काय लागते ते नाई मांगत, बाबू. शेजाऱ्याले काय भेटलं ते मांगते." मामाजींनी बोटातल्या रोपाचं पान उलटं करून दाखवलं. "मंग हळूहळू पान पाहाले शिकलो. पान सुकलं का पिवळं, कडा वळल्या का सरळ, बुडाशी ओल किती. पान खोटं बोलत नाई. त्यानंतर विचाराची गरज कमीच पडली."

परतताना अंधारून आलं होतं. वाटेत मामाजी एवढंच म्हणाले, "रातच्याले शेकोटी करू. साऱ्यांले एकच गोष्ट पूस. पुढं कुठं जायचं, ते नको पुसू. मांगच्या सहलींतलं काय याद आहे, तेवढं पूस."

अंगणात तुराट्यांची शेकोटी पेटली. सुधाकररावांनी विचारलं आणि सवयीप्रमाणे खिशातलं पेनही काढलं.

आई पहिली बोलली. "काशीला गेलो होतो ना आपण? समोरच्या बाकावर ती बाई नव्हती का, जबलपूरहून चढलेली? तिने आपल्या डब्यातलं कैरीचं लोणचं दिलं. तिची सून कशी, मुलगा कसा, सगळं सांगितलं. उतरताना रडली."

"आई, विश्वनाथाचं दर्शन?"

"ते झालं की. फार गर्दी होती."

अलकाताई विस्तवाकडे बघत होत्या. "गणपतीपुळ्याला दुसऱ्या दिवशी पाऊस लागला होता. बाहेर पडताच येईना. त्या घरच्या काकूंनी ताट खोलीत आणून दिलं. गरम भात, सोलकढी. मी ताट धुवायला उठले तर म्हणाल्या, राहू दे गं, बस." त्या थांबल्या आणि मग स्वतःच्याच शोधाने दचकल्यासारखं हसल्या. "अहो, म्हणजे मला शांतता नकोच होती हो! मला फक्त कोणीतरी म्हणायला हवं होतं, राहू दे, बस."

चिन्मयने बराच वेळ घेतला. "महाबळेश्वरला घोड्याला नाल ठोकत होते ना, ते. तो माणूस आधी खूर तासतो, मग नाल लावून बघतो, मग परत तासतो. घोडा हलत पण नाही. बाबा, तुम्ही मला तिथून ओढत पॉइंट बघायला नेलं."

"पण तू तर वाघ म्हणाला होतास."

"शाळेत सगळे विचारतात, वाघ दिसला का. घोड्याची नाल कोण विचारतं?"

मामाजींनी शेकोटीत एक तुराटी सरकवली. "अन् तुह्यं, बाबू?"

सुधाकरराव सांगायला धजेनात. मग म्हणाले, "उटीला जाताना. आपली गाडी लागली बारा दहाला. पुढची बस होती बारा वीसची. मी कागदावर लिहिलं होतं, तंतोतंत. दहा मिनिटांत सामान, तिकीट, सगळं. आपण चढलो आणि बस सुटली." त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसाचा आनंद जसाच्या तसा उमटला होता. "बास. एवढंच आठवतं. उटी फारशी आठवत नाही."

क्षणभर शांतता झाली, मग सगळेच हसत सुटले, मामीजी पदर तोंडाला लावून. सुधाकरराव ओशाळले. पेन खिशात ठेवून दिलं.

"लाजू नको," मामाजी म्हणाले. "पानी लागते म्हनून धानाले कधी लाज वाटली का? तुले फाइल लागते. लागू दे. फक्त लाखोरीच्या बांधीत नको सोडू."

तिसऱ्या दिवसाचं वेळापत्रक कोणी आखलं नाही, तरी ते झालं. पहाटे सगळे मिळून धरणावर गेले. थरमासात चहा होता. उजाडताना पाण्याचा रंग राखाडीवरून तांबूस झाला, लांबवर एक डोंगा पाणी कापत निघाला. धरणाच्या माथ्यावर चौघे आणि मामाजी अर्धा तास उभे होते. कोणी कोणाला काही दाखवलं नाही, तरी ज्याला जे दिसायचं ते दिसलं. एक फोटो काढला. मग प्रत्येकजण आपापल्या वाटेला लागला.

आई मामीजींबरोबर अर्जुनीच्या स्टेशनावर गेली. तिला कुठे उतरायचंच नव्हतं, तिला गाडीत बसायचं होतं. गोंदियाकडून बल्लारशाकडे जाणारी गाडी आली, दोघी वडशापर्यंत गेल्या. लग्न होऊन आई याच मार्गाने सासरी गेली होती, तेव्हा ही छोटी लाइन होती आणि गाडी इतकी सावकाश चालायची की खिडकीतून माहेर दिसेनासं व्हायला वेळ लागायचा. आता रुळ रुंद, वेग दुप्पट, पण खिडकी तीच. डब्यात तिला एक तेंदूपत्त्याच्या मजुरीवर मुलीला नर्स केलेली बाई भेटली, एक हार्मोनियमवाले भेटले. झाडीपट्टीतल्या नाटकमंडळींचं वडसा हे ठाणंच. दिवाळीच्या भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं चालतात. हार्मोनियमवाल्यांनी सांगितलं, आज रात्री तुमच्या शेजारच्याच गावी आमचा प्रयोग आहे, या.

चिन्मय मामाजींच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या ढिवराकडे गेला. काठावर जाळं पसरून तो फाटलेली घरं विणत होता. एका हातात सुतळी गुंडाळलेली लाकडी सुई, दुसऱ्या हातात बांबूची चपटी पट्टी. पट्टीभोवती दोरा घ्यायचा, वरच्या घरातून सुई काढायची, अंगठ्याने दाबायचं, वळसा, ओढ. पट्टी जेवढी रुंद तेवढंच घर. झिंग्यासाठी बारीक पट्टी, मोठ्या मासळीसाठी रुंद. दोन तासांत चिन्मयने एकवीस घरं विणली. त्यातली चौदा म्हाताऱ्याने उसवली आणि सात ठेवली. त्या सातांचा त्याला जो अभिमान वाटला तो वाघ दिसून वाटला नसता.

अलकाताई परत येऊन दहापर्यंत झोपल्या. उठल्या तर शेजारच्या काकूंनी भाजी-भाकरी झाकून ठेवली होती. खाऊन ताट उचलायला गेल्या तेवढ्यात काकू म्हणाल्या, "राहू द्या जी." अलकाताई बसल्या. 'रानवाटा'ची बारा पानं वाचून झाली आणि मग त्या काकूंबरोबर स्वतःहून धान पाखडायला गेल्या. काम करायला त्यांची कधीच ना नव्हती. फक्त ते काम त्यांच्यावर पडलेलं नसावं, त्यांनी निवडलेलं असावं.

आणि सुधाकरराव? त्यांनी बॅगेच्या तळातून फाइल काढली. शेजारच्या मुलाची मोटरसायकल मागून घेतली. धरणाच्या सांडव्यापाशी ९.२०, प्रतापगडाचा माथा १०.३५, नवेगावबांधचा बांध १२.१०, आणि वाटेत न लिहिलेले आणखी तीन मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले. मागे कोणाचे गुडघे नव्हते, कोणाची झोप नव्हती, कोणाचं तोंड नव्हतं. संध्याकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी ते अंगणात शिरले, ठरल्यापेक्षा दोन मिनिटं आधी. त्या दिवसाच्या पानावरची एकही चौकट रिकामी नव्हती आणि बऱ्याच वर्षांनी त्यांना एकाही खुणेसाठी कोणाची माफी मागावी लागणार नव्हती.

रात्री जेवताना गंमत झाली. आजवर सहलीत चौघांनी तेच पाहिलेलं असायचं, त्यामुळे सांगायला कोणाकडे काही नसायचं. आज चार जणांकडे चार दिवस होते. चिन्मयने ताटातच बोटाने गाठ करून दाखवली. अलकाताईंनी सूप कसं धरायचं ते दाखवलं. सुधाकररावांनी विचारलं नसतानाही तीन तलावांचं अंतर सांगितलं, आणि कोणी कंटाळलं नाही, कारण कोणाला तिकडे फरपटत नेलेलं नव्हतं.

जेवण उरकून आई उठली, शाल घेतली. "मी निघाले नाटकाला."

"आई, रात्रभर चालतं ते! तुझे गुडघे?"

"गुडघे चढायला दुखतात रे," ती म्हणाली, "बसायला नाही दुखत."

बहात्तर वर्षांची बाई मांडवात सतरंजीवर बसून उजाडेपर्यंत नाटक बघून आली. सुधाकरराव रात्री दहाला झोपले. नाटक त्यांच्या फाइलीत नव्हतं, आणि तेही बरोबरच होतं.

नागपूरला परतल्यावर बँकेतल्या एकाने सहलीचे फोटो मागितले. चौघे एकत्र असलेला एकच निघाला, धरणाच्या माथ्यावरचा, चहाचे पेले हातात धरलेला. "एवढाच?" त्याने विचारलं. सुधाकररावांनाही आधी ते खटकलं होतं. एकत्र सहलीला जायचं आणि फोटोत एकदाच एकत्र दिसायचं, हा थोडा तोटाच. पण त्या एका फोटोत चौघांपैकी कोणीही घड्याळाकडे बघत नव्हतं. पहिल्या दिवसाच्या त्रेपन्न फोटोंत तसा एकही नव्हता.

जानेवारीत मामाजींचा फोन आला. उन्हाळी धानासाठी कालवा सुटला होता. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "मंग, उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठं?"

"ठिकाण अजून ठरलं नाही, मामाजी," सुधाकरराव म्हणाले. समोर निळी फाइल उघडी होती. पहिल्या पानावर या वेळी किलोमीटर नव्हते, मिनिटं नव्हती. चार नावं होती आणि प्रत्येकासमोर एकेक ओळ: आगगाडीतली बाई. राहू दे, बस. घोड्याची नाल, जाळ्याची सात घरं. बारा दहाची गाडी, बारा वीसची बस.

"सध्या पान बघतोय," ते म्हणाले. "पाणी नंतर सोडू."